दीड लाख महिलांची चाचणी आणि एका पानाचा गोषवारा

सरकारी कचेरीत एखादे जाडजूड प्रकरण निर्णयासाठी वर जाते तेव्हा त्याच्या अग्रभागी गोषवारा जोडण्याची रीत आहे. शेकडो पानांचा पत्रव्यवहार, जबाब, नकाशे आणि आकडे यांचे सार पान-दीड पानात आणणे हे कसबाचे काम असते. ते जोखमीचेही असते, कारण वाचणारा पुष्कळदा तेवढेच पान वाचतो. वैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रातही नेमकी हीच रीत आहे. एखाद्या औषधाची, शस्त्रक्रियेची किंवा तपासणीच्या पद्धतीची माणसांवर शास्त्रशुद्ध चाचणी घेतली गेली की तिचा निकाल बहुधा प्रथम प्रकट होतो तो वैद्यकीय परिषदेकडे पाठविलेल्या गोषवाऱ्याच्या रूपाने. सविस्तर लेख नियतकालिकात प्रसिद्ध होण्यास त्यानंतर कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. तोपर्यंत डॉक्टर, औषध कंपन्या, वृत्तपत्रे आणि क्वचित शासकीय यंत्रणाही त्या एका पानावरच विसंबून असतात.

ते पान कसे लिहिले जाते, त्याची छाननी कशी होते आणि त्यात काय राहून जाते, हे प्रश्न केवळ डॉक्टरांचे नव्हेत. चाचणीत भाग घेणारी माणसे गावांतली आणि वस्त्यांतली असतात. त्यांनी दिलेला वेळ, सोसलेली तपासणी आणि ठेवलेला विश्वास यांचा हिशोब अखेर त्या पानावर मांडला जातो. मुंबईत झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

वस्तीपासून व्यासपीठापर्यंत

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. पाश्चात्त्य देशांनी गर्भाशयमुखाच्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली नियमित तपासणी करून हा रोग पुष्कळसा आटोक्यात आणला. मात्र त्या पद्धतीला प्रयोगशाळा, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि तज्ज्ञ लागतात. आपल्याकडे कोट्यवधी स्त्रियांसाठी एवढी व्यवस्था उभारणे दुष्कर होते. म्हणून एक साधा उपाय पुढे आला. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, लावावयाचे आणि सुमारे मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे. विकृत पेशी असल्यास तो भाग पांढरा दिसू लागतो. उपाय स्वस्त होता, सुटसुटीत होता. परंतु त्यामुळे मृत्यू खरोखर टळतात काय, हे कोणी सिद्ध केलेले नव्हते.

ते पडताळून पाहण्यासाठी टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत चाचणी सुरू केली. वस्त्यांचे २० समूह पाडण्यात आले आणि त्यांची दोन गटांत वाटणी करण्यात आली. कोणता समूह कोणत्या गटात जाईल हे संशोधकांच्या मर्जीवर नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ठरले. ३५ ते ६४ या वयोगटातील ७५,३६० महिला तपासणीच्या गटात आणि ७६,१७८ महिला तुलनेच्या गटात होत्या. तपासणी गटातील महिलांना दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा कर्करोगाची माहिती देऊन त्यांची तपासणी करावयाची होती. तुलनेच्या गटाला आरंभी एकदा माहिती देण्यात आली. तपासणी डॉक्टरांनी केली नाही. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी ती केली. हा तपशील दिसतो तितका गौण नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेत असे शिक्षण असलेल्या स्त्रिया गावोगाव मिळतात, तज्ज्ञ मिळत नाहीत.

दीड लाखांहून अधिक महिलांचा हा प्रपंच बारा वर्षांच्या निरीक्षणानंतर अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाकडे गोषवाऱ्याच्या रूपाने पाठविण्यात आला. तेथे दरवर्षी हजारो गोषवारे येतात. मुख्य सत्रासाठी त्यांतून मोजकेच निवडले जातात. २ जून २०१३ रोजी शिकागो येथे त्या सत्रात पाच गोषवारे सादर झाले आणि त्यांपैकी एक मुंबईचा होता. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी तो मांडला. त्याच सत्रात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचा आणखी एक गोषवारा होता. रोग हाताबाहेर गेलेल्या स्त्रियांना एक महागडे नवे औषध दिल्यास त्यांचे आयुष्य सरासरी १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांपर्यंत वाढते, असा त्याचा निकाल होता. एकाच रोगावरील हे दोन निकाल एकाच व्यासपीठावर लागोपाठ ऐकविले गेले. छाननी करणाऱ्यांनी उपायाची किंमत न पाहता पुराव्याची भक्कमता पाहिली, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

गोषवाऱ्याची घडण

अशा अधिवेशनांचे नियम काटेकोर असतात. उपर्युक्त संघटनेच्या सध्याच्या नियमानुसार शीर्षक, मजकूर आणि तक्ता मिळून, शब्दांमधील रिकाम्या जागा वगळून, २,६०० अक्षरांपलीकडे जाता येत नाही. मजकुराचे चार भाग असतात : पार्श्वभूमी, पद्धती, निष्पत्ती आणि निष्कर्ष. पार्श्वभूमीत प्रश्न मांडावयाचा. तो दोन वाक्यांत सांगता आला नाही तर प्रश्नच नीट ठरलेला नाही, असे समजण्यास हरकत नाही.

पद्धतीचा भाग मात्र सर्वांत महत्त्वाचा होय. चाचणीत कोणाला घेतले, गटांची वाटणी कशी केली, तुलना कशाशी केली आणि यश कशावर मोजावयाचे हे आधी ठरविले होते काय, हे त्यात आले पाहिजे. यापैकी शेवटची बाब सर्वसामान्य वाचकाच्या नजरेतून सहसा निसटते. मुंबईच्या चाचणीत यश मोजावयाचे होते मृत्यूंवर. निदानानंतर रुग्ण किती वर्षे जगला, यावर ते का मोजले नाही? समजा, एका स्त्रीचा रोग तपासणीमुळे तीन वर्षे आधी कळला, परंतु तिचा मृत्यू जेव्हा व्हावयाचा होता तेव्हाच झाला. निदानापासून वर्षे मोजल्यास ती तीन वर्षे अधिक जगली असे कागदावर दिसेल. प्रत्यक्षात तिला तीन वर्षे अधिक काळ रोगाची चिंता वाहावी लागली, एवढेच. मृत्यूंची मोजणी ही फसगत होऊ देत नाही.

निष्पत्तीच्या भागात आकडे येतात. मुंबईच्या चाचणीत बोलाविलेल्या महिलांपैकी ८९ टक्के तपासणीस आल्या. दोष आढळलेल्यांपैकी ७९.४ टक्के महिलांनी पुढील निदान करून घेतले, तर कर्करोग झालेल्यांपैकी ८६.३ टक्के महिलांनी उपचार पुरे केले. वस्तीपातळीवर काम केलेल्या कोणालाही या आकड्यांमागचे श्रम समजतील. घरोघरी जाणे, संकोच घालविणे, सासू-सासऱ्यांची समजूत काढणे, बुडणाऱ्या रोजाचा प्रश्न सोडविणे, या कशालाही २,६०० अक्षरांत जागा नसते. ते सारे त्या ‘८९ टक्के’ या आकड्यात सामावलेले असते.

मुख्य निकाल असा होता. दोन्ही गटांत कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ सारखेच, दर लाखामागे २६.७ आणि २७.५ असे राहिले. परंतु तपासणी गटात त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. रोग तेवढ्याच जणींना झाला, पण तो लवकर सापडल्याने अधिक जणी वाचल्या. ३१ या आकड्याच्या सोबतीला आणखी दोन आकडे दिलेले असतात, तेही वाचण्याची सवय ठेवली पाहिजे. खरी घट १२ टक्क्यांपासून ४६ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकेल, असा त्यांचा अर्थ आहे. कोणतीही चाचणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा असते. किती शिते चाचपली यावर अंदाजाचा पल्ला अवलंबून राहतो. हा पल्ला न देता केवळ मधला आकडा देणारा गोषवारा अपुरा समजावा.

टक्केवारीबाबतही सावध राहणे इष्ट ठरते. एखाद्या उपायाने मृत्यू निम्म्याने घटले असे वाचले की वाचक प्रभावित होतो. परंतु एक हजार माणसांत २०० मृत्यूंचे १०० झाले तरी घट निम्मी आणि दोनाचा एक झाला तरी घट निम्मीच. पहिल्या उदाहरणात शंभर जीव वाचले, दुसऱ्यात एक. म्हणून प्रमाणाबरोबर मूळ संख्या देणे हे प्रामाणिक गोषवाऱ्याचे लक्षण मानले जाते. गणिताच्या शिक्षकांना वर्गात सांगण्यासारखे हे उदाहरण आहे.

छाननी आणि मुदत

आलेल्या प्रत्येक गोषवाऱ्याला त्या विषयातील तज्ज्ञांची समिती गुण देते. त्यानुसार काही मुख्य सत्रात जातात, काही लहान सत्रांत वाचले जातात, पुष्कळसे भित्तिपत्रकाच्या रूपाने मांडले जातात आणि उरलेल्यांपैकी काही नुसते छापले जातात. आधी अन्यत्र प्रसिद्ध झालेला निकाल चालत नाही. कोणाकडून पैसा किंवा मानधन घेतले असल्यास ते जाहीर करावे लागते. मजकूर ठरलेल्या वेळेआधी फुटू नये असाही दंडक असतो, कारण अशा निकालांनी औषध कंपन्यांच्या समभागांचे भाव खालीवर होतात.

मुदत फेब्रुवारीच्या सुमारास संपते आणि अधिवेशन मे-जूनमध्ये भरते. मग एखाद्या मोठ्या चाचणीचा निकाल मार्चमध्ये हाती येणार असेल तर काय करावे? त्यासाठी ‘उशिराचा गोषवारा’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे. आधी आराखडा पाठवावयाचा, आकडे नंतर भरावयाचे. ही सवलत सर्वांना मिळत नाही. विश्लेषण कधी करावयाचे हे आधीच ठरलेले असेल, तरच ती मिळते. टाटा मेमोरियलमधील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांचा मुखकर्करोगाविषयीचा गोषवारा २०१५ साली याच वर्गातून मुख्य सत्रात आला. तोंडाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असताना त्याच शस्त्रक्रियेत मानेतील गाठीही काढाव्यात, की गाठ दिसू लागेपर्यंत थांबावे, हा शल्यविशारदांमध्ये अनेक दशके चाललेला वाद होता. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात असे दिसले की, गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, तर थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या राज्याला या निकालाचे मोल वेगळे सांगावयास नको.

न सांगितलेले निकाल

गोषवाऱ्यांच्या या व्यवहारात एक मोठी उणीव आहे. परिषदेत मांडलेल्या तीन लाखांहून अधिक गोषवाऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केले. त्यात असे आढळले की, सविस्तर लेखाच्या रूपाने पुढे प्रसिद्ध झालेल्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्केच होते. अनुकूल निकाल असलेल्या गोषवाऱ्यांचे लेख होण्याचा संभव अधिक होता. उपाय फोल ठरला की लेखकाचा उत्साह मावळतो, पुरस्कर्त्याचा रस संपतो आणि प्रकरण दप्तरी दाखल होते.

याची किंमत रुग्ण मोजतात. इंग्लंडमध्ये १९८० साली हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे शंभर रुग्णांवर लॉरकेनाइड या औषधाची चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी नऊ जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एक. संशोधकांना हा योगायोग वाटला. औषध व्यापारी कारणांनी बाजारात आलेच नाही आणि निकाल कपाटात राहिला. तो प्रसिद्ध झाला १९९३ साली, आणि तोही अप्रसिद्ध निकालांच्या धोक्याचे उदाहरण म्हणून. दरम्यान त्याच जातीची अन्य औषधे अनेक देशांत सर्रास दिली जात होती आणि ती घातक असल्याचे दुसऱ्या एका मोठ्या चाचणीने सिद्ध करावे लागले. वेळीच छापलेल्या एका पानाने धोक्याचा इशारा मिळाला असता, असे त्या संशोधकांनी स्वतःच नमूद केले.

यावर उपाय म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची जाहीर नोंद करण्याची पद्धत आली. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १ जुलै २००५ पासून नोंद नसलेल्या नव्या चाचणीचा लेख न स्वीकारण्याचे ठरविले. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने जुलै २००७ मध्ये ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंद सक्तीची केली, तर १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी केलेली नोंदच ग्राह्य धरली जाऊ लागली. गोषवाऱ्यात नोंदणी क्रमांक लिहिण्याचा आग्रह यातूनच आला. क्रमांक असला की कोणालाही मूळ नोंद उघडून पाहता येते : यश ज्यावर मोजू असे आधी सांगितले होते, त्यावरच ते मोजले काय? बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ काढण्याची सोय त्यामुळे राहत नाही. गोषवाऱ्यात कोणत्या बाबी असाव्यात याची आंतरराष्ट्रीय सूचीही २००८ साली तयार झाली. उपायाचे अपाय लिहिणे आणि पैसा कोणी पुरविला हे सांगणे, या दोन्हींचा तिच्यात समावेश आहे.

या कसोटीवर मुंबईच्या चाचणीचा उत्तरार्ध विशेष लक्षणीय ठरतो. त्याच दीड लाख महिलांवर दुसराही एक प्रश्न पडताळला जात होता : आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू घटतात काय? त्याचा निकाल वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि तो पहिल्यासारखा चोख नव्हता. सर्व महिलांचा एकत्रित विचार करता मृत्यूंत १५ टक्के घट दिसली. परंतु अंदाजाचा पल्ला पाहता ती योगायोगानेही आलेली असू शकेल. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांत मात्र सुमारे ३० टक्क्यांची घट खात्रीलायक होती. पन्नाशीच्या आतील महिलांत तसा लाभ दिसला नाही. व्यासपीठावर टाळ्या मिळविणारा निकाल आणि असा तळ्यात-मळ्यात राहिलेला निकाल, दोन्ही सारख्याच तपशिलाने छापले गेले. आठ वर्षांपूर्वीच्या यशावर समाधान मानून दुसरा निकाल गुंडाळून ठेवणे अवघड नव्हते.

या चाचणीवर टीकाही झाली. तुलनेच्या गटातील ७६ हजार महिलांना इतकी वर्षे तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा प्रश्न देशात आणि परदेशात विचारला गेला. त्या काळी देशात संघटित स्वरूपाची तपासणी कोठेच उपलब्ध नव्हती, त्यामुळे त्या महिलांकडून काही काढून घेतले गेले नाही, असे समर्थन करण्यात आले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि हा वाद गोषवाऱ्याच्या चौकटीत मिटणारा नाही. ‘तुलनेचा गट’ हे दोन शब्द वाचताना त्यामागे नाव-गाव असलेल्या स्त्रिया आहेत, याचे भान मात्र असावयास हवे. केंद्र शासनाने २०१६ साली जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच ॲसेटिक आम्लाची तपासणी सुचविली. त्या सूचनांच्या पाठीशी जो पुरावा उभा आहे, त्यात मुंबईच्या दोन्ही गटांतील महिलांचा वाटा सारखाच आहे.

गावाने काय विचारावे

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही अशा चाचण्या झाल्या आहेत. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत सुमारे १ लाख ३१ हजार महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निरनिराळ्या तपासण्यांची चाचणी झाली व तिचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीची चाचणी ३९ गावांत घेऊन ४७ गावांशी तुलना केली. तिचा निकाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. अशा कामासाठी संशोधक गावात येतात तेव्हा ते बहुधा प्रथम सरपंच, मुख्याध्यापक किंवा आरोग्यसेविका यांना भेटतात. त्या वेळी काही साध्या गोष्टी विचारता येतात. चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? नीतिविषयक समितीची मंजुरी आहे काय? संमतीपत्रक मराठीत आहे काय, आणि ते वाचून दाखविले जाईल काय? नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणीमुळे अपाय झाल्यास उपचार मोफत मिळण्याची आणि ठरावीक परिस्थितीत भरपाई देण्याची तरतूद त्यांत आहे. मध्येच चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकाला असतो आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

आणखी एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो असा की, निकाल लागल्यावर तो गावाला कोण सांगणार? शिकागोच्या सभागृहात वाचलेला गोषवारा इंग्रजीत असतो. तोच मजकूर मराठीत एका पानावर उतरवून ग्रामसभेपुढे वाचण्यास फार खर्च येत नाही. ग्रामपंचायतीने आरंभीच तशी लेखी हमी मागावी. चाचणीची मूळ नोंद पाहण्यास शुल्क पडत नाही आणि प्रत्येक नोंदीत जनतेच्या शंकांना उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता दिलेला असतो.